दसऱ्याच्या सुट्टीत नेपाळला सुवार्ता फेरी: आधी बोलावणं कुणाचं, ते बघा

पत्र

ताई, मी कोल्हापूरची. बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाची सेक्रेटरी आहे. दसऱ्याच्या सुट्टीला जोडून आम्ही चौदा जण दहा दिवस नेपाळला सुवार्ता सेवेसाठी (ख्रिस्ताचा संदेश सांगायला) जायचं ठरवतोय. पुण्याच्या एका भाऊंनी बेत आखून दिलाय. दोन दिवस बाजारात सुवार्तेच्या पत्रिका वाटायच्या, एक दिवस आरोग्य शिबिर (ते मी बघेन असं सगळ्यांनी धरूनच चाललंय), एक दिवस अनाथाश्रम, आणि बाकीचे दिवस एका शाळेला रंग द्यायचा. मुक्काम लॉजमध्ये, खर्च माणशी बावीस हजार. थोडे पैसे मंडळीच्या फंडातून मिळावेत म्हणून अर्ज दिलाय. मंडळीच्या सभेत एका वडिलांनी (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एकानं) उभं राहून विचारलं, "शिरोळचा पूर दिसत नाही का तुम्हाला?" घरी पप्पा म्हणतात, तिकडं प्रचार केला तर तुरुंगात टाकतात. मला मनापासून जायचंय. पण सगळ्या कागदांवर नाव माझं आहे आणि त्या सभेपासून मला नीट झोप नाही. जाऊ की नको? आणि सेक्रेटरी म्हणून काय करू?

उत्तर

तुझं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे तुला पुढचं शांतपणे वाचता येईल. या दसऱ्याला, या बेतानं जाऊ नका. नेपाळला कधीच जाऊ नका असं मी म्हणत नाही. तुमच्या मनातल्या ओढीबद्दल मला शंका नाही. विशी-बाविशीतली चौदा पोरं सुट्टीत गोवा सोडून सेवेला जायचं म्हणतात, याचा मला आनंदच आहे. माझी हरकत बेताला आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकच गोष्ट शोधत राहिले. तिथल्या मंडळीबद्दल त्यात एक ओळही नाही. गाव कुठलं, पाळक कोण, त्यांनी तुम्हाला का बोलावलं, किंवा बोलावलं तरी आहे का, यातलं काहीच नाही. पुण्याचे भाऊ आहेत, टापटीप दिनक्रम आहे, खर्चाचा आकडा आहे. पण ज्यांच्या दारात तुम्ही दहा दिवस जाऊन बसणार, ती माणसं पत्रात कुठंच नाहीत. बायबलात लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूनं सत्तर जणांना पाठवलं ते आठव. दोघादोघांना पाठवलं, थैली घेऊ नका म्हणाला, ज्या घरात उतराल तिथंच राहा आणि पुढ्यात येईल ते खा म्हणाला. म्हणजे पाठवलेला माणूस तिथं पाहुणा होता, घरधन्याच्या भाकरीवर अवलंबून होता. चौदा जण, बॅगा भरभरून पत्रिका आणि कुणाच्याही घरी न उतरता लॉजमध्ये मुक्काम, हे त्या चित्रात बसत नाही.

आता तारखा बघ. आपलं नवरात्र असतं तेव्हाच नेपाळात दशैं असतो. घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत, पंधरा दिवसांचा. तिथला तो सगळ्यांत मोठा सण. काठमांडूत कामाला असलेली माणसं गावी निघतात, बसला उभं राहायला जागा मिळत नाही, शाळा आणि सरकारी कचेऱ्या बंद असतात. म्हणजे तुम्ही ज्या शाळेला रंग द्यायला जाणार तिथं मूलही नसेल आणि मास्तरही नसतील. त्याहून नाजूक गोष्ट घराघरातली आहे. विजयादशमीपासून घरातली वडीलधारी माणसं दही-तांदूळ कालवून त्याचा लाल टिळा धाकट्यांच्या कपाळाला लावतात आणि जवाचे कोवळे अंकुर डोक्यावर ठेवून आशीर्वाद देतात. ज्या घरातला एखादा मुलगा ख्रिस्ती झालाय, तिथं आजीच्या हातचा तो टिळा घ्यायचा की नाही, यावरून घर आधीच ताणलेलं असतं. तो मुलगा कसाबसा घरातलं प्रेम सांभाळत असतो. ऐन त्या आठवड्यात परदेशी पोरांचा घोळका त्याच गावच्या बाजारात पत्रिका वाटू लागला, तर त्याच्यावर काय वेळ येईल?

हे आपल्यावर घेऊन बघ. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग भवानी मंडपापर्यंत येते. त्या रांगेजवळ कुठल्या तरी परक्या देशातली, मराठीचं अक्षर न येणारी दहा-बारा माणसं उभी राहून आपल्या धर्माची पत्रकं हातात कोंबू लागली, तर कोल्हापूरकर काय म्हणतील? आणि दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी जाब कुणाला विचारतील? त्या परक्यांना नाही विचारणार, ते तोवर गेलेले असतील. विचारतील तुझ्या पप्पांना, तुमच्या पाळकांना.

पप्पांची भीती खरी आहे, ती झटकून टाकू नकोस. नेपाळच्या २०१५ च्या संविधानात कलम २६ नुसार प्रत्येकाला आपापला धर्म पाळायचं स्वातंत्र्य आहे, पण त्याच कलमात दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. २०१८ मध्ये लागू झालेल्या तिथल्या फौजदारी संहितेत कलम १५८ खाली त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत त्याला देशाबाहेर काढायचं, असंही त्यात लिहिलंय. हा कायदा तुला-मला पटो न पटो, त्याचा भार वाहायचा कुणी, हा प्रश्न आहे. तुम्ही सोनौलीची सीमा ओलांडून गोरखपूरला गाडी पकडाल. ज्या पाळकानं तुम्हाला चहा पाजला, खोली दिली, तो तिथंच राहणार. चौकशीला त्यालाच बोलावतील आणि कुलूप लागलं तर त्याच्याच प्रार्थनाघराला लागेल. २०२१ च्या जनगणनेत नेपाळात ख्रिस्ती लोक पावणेदोन टक्क्यांच्या आसपास होते. एवढ्याशा लोकांना कुठं बोलायचं आणि कुठं गप्प राहायचं, हे रोज ठरवावं लागतं. तो निर्णय त्यांच्या हातून काढून घ्यायचा आपल्याला काही अधिकार नाही. त्यामुळं पत्रिका बेतातून पूर्ण काढा. थोड्या लपवून नेऊ, असंही करू नका.

आरोग्य शिबिराबद्दल तुझ्याशी जरा कडक बोलते. तू तिसऱ्या वर्षाला आहेस. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात सिस्टर शेजारी उभी असल्याशिवाय तुला कुणी इंजेक्शन देऊ देईल का? मग सीमा ओलांडली की तू एकटी शिबिर चालवायला कशी पात्र ठरतेस? तिथंही नर्सेसची आणि डॉक्टरांची परिषद आहे आणि बाहेरच्याला काम करायचं तर तिची नोंदणी लागते. समज, एक आजी येतात, तू बीपी घेतेस, १७० वर ११० निघतं. तू बरोबर आणलेल्या पाकिटातल्या दहा दिवसांच्या गोळ्या देतेस. अकराव्या दिवशी आजींनी काय करायचं? त्या आधी कुठली गोळी घेत होत्या, मूत्रपिंडाचं काही आहे का, हे तुला कळलेलं नाही, कारण तुमच्या दोघींत भाषा नाही. अशी गोळी सुरू होऊन अचानक बंद होणं कधी कधी न घेण्यापेक्षा वाईट, हे तू माझ्यापेक्षा चांगलं शिकली असशील. "मी नोंदणीकृत नर्स नाही, शिबिर घेणार नाही," हे वाक्य पुढच्या बैठकीत तुलाच म्हणावं लागेल. तुझ्याऐवजी ते दुसरं कुणी म्हणणार नाही. नेपाळात मिशनची इस्पितळं सत्तर वर्षांपासून आहेत. युनायटेड मिशन टू नेपाळ ही संस्था १९५४ ची, आणि तानसेनचं इस्पितळ तेव्हापासूनचं. शिक्षण पुरं कर, रजिस्ट्रेशन घे, दोन वर्षं वॉर्डात काढ. मग अशा एखाद्या ठिकाणी वर्ष-दोन वर्षांसाठी नियमानं अर्ज कर. तेव्हा तुझा हात तिथं खरोखर कामाला येईल.

अनाथाश्रम मात्र यादीतून आजच खोड, उद्यावर ढकलू नकोस. तिथल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक तरी, जिवंत असतात. डोंगरातल्या गावी दलाल जातो, शहरात चांगली शाळा मिळेल म्हणून सांगतो, आईबाप पैसे देऊन मूल सोपवतात आणि ते मूल काठमांडूत किंवा पोखऱ्यात "अनाथ" म्हणून पाहुण्यांपुढं उभं राहतं. पाहुणे येतात, रडतात, देणगी देतात, म्हणून आणखी मुलं आणली जातात. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारनं पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली, ती याच भीतीनं. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही अशा अनाथाश्रम-पर्यटनाविरुद्ध ठराव केला. सगळीच बालगृहं तशी नसतात, हे मला माहीत आहे. पण एका दिवसाच्या भेटीत चांगलं कुठलं आणि खोटं कुठलं, हे तुम्हाला कळणार नाही. आणि चांगल्या बालगृहातल्या मुलालाही दर पंधरवड्याला नवीन ताई-दादा येऊन मिठी मारून, फोटो काढून निघून जाणं सोसत नाही. आपल्याकडच्या बालगृहात बालकल्याण समितीला न विचारता असं कुणी आत शिरलं आणि मुलांचे चेहरे स्टेटसला टाकले, तर आपल्या कायद्यानं तो गुन्हा आहे. तिथल्या मुलाचा चेहरा काही कमी मोलाचा नाही.

शाळेच्या रंगाबद्दल फार बोलत नाही. रंगारी तिथंही आहेत आणि त्यांनाही मजुरी हवी आहे.

आता त्या वडिलांचा प्रश्न. ते सभेत बोलले म्हणून तुला लागलं असणार. पण त्यांच्या तोंडी शिरोळ आलं, त्यावर थोडं थांबून विचार कर. २०१९ च्या ऑगस्टात आपण घेणाऱ्यांच्या बाजूला होतो. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद, पंचगंगा आणि कृष्णा घरात. पाणी उतरायला लागल्यावर शिरोळकडच्या एका शाळेच्या पटांगणात मी जुन्या कपड्यांचा ढीग पाहिला होता. पावसात भिजलेला, कमरेएवढा. त्यात नायलॉनच्या जरीच्या साड्या होत्या, एकेका पायातले बूट होते, लहान बाळाचा लोकरी सूट होता. देणाऱ्यांचं मन चांगलंच होतं. पण गावातल्या बायकांना नंतर तो ढीग उचलायचं आणखी एक काम लागलं. त्याच गावात सांगलीकडची चार-पाच पोरं आली होती. त्यांनी पहिल्यांदा सरपंचबाईंना विचारलं, काय हवंय? बाई म्हणाल्या, जनावरांना चारा आणा, आणि खराटे, फावडी, फिनेल आणा. पोरांनी तेवढंच आणलं, तीन दिवस घराघरातला गाळ उपसला, आणि दिवाळीच्या आधी परत येऊन विचारून गेली की आता काय उरलंय. गावानं त्या पोरांची नावं लक्षात ठेवली. हे तुला कुणाकडून शिकायला जायची गरज नाही. कोल्हापूरच्या माणसाला मदत अंगावर कशी पडते आणि हाताशी कशी येते, दोन्ही ठाऊक आहे.

पण त्या वडिलांचं सगळंच मला पटतं असंही नाही. इथलं सगळं संपल्यावरच बाहेर जायचं म्हटलं, तर कुणीच कधी निघणार नाही. प्रेषितांची कृत्ये, अकरावा अध्याय: दुष्काळ पडणार हे कळल्यावर अंत्युखिया शहरातल्या शिष्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली आणि यहूदीयातल्या वडिलांकडे पाठवली, बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) या दोघांच्या हाती. अंत्युखियात गरीब नव्हते असं थोडंच आहे! तरी पाठवली. मात्र पैसे तिथल्या वडिलांच्या हातात दिले, वाटप त्यांच्यावर सोपवलं. आणि न्यायला दोघंच पुरले.

आपली स्वतःची मंडळी कशी उभी राहिली तेही बघ. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले ते राहायला आले. मराठीत बोलले, शाळा काढल्या, लोकांचा राग पाहिला, आणि त्यांच्या नावाचं चर्च आज कोल्हापुरात उभं आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच, कोल्हापुरात जन्मला. पुढं १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मनच्या शिबिरात विद्यार्थ्यांनी मिशनसेवेला जायचं वचन दिलं, त्या स्टुडंट व्हॉलंटियर चळवळीच्या मुळाशी हा कोल्हापूरचा मुलगा होता. ते वचन अख्ख्या आयुष्याचं होतं. मिशनचे डॉ. वानलेस १८८९ मध्ये सांगली-मिरजेकडे आले आणि जवळजवळ चाळीस वर्षं इकडंच राबले. पौलसुद्धा करिंथात दीड वर्ष राहिला. तुम्ही चाळीस वर्षं जा असं मी म्हणत नाही. दहा दिवसही चालतील, पण पुढच्या वर्षी परत यायच्या तयारीनं घेतलेले हवेत. तिथली माणसं नावानं ओळखू लागाल, त्यांच्या घरी लग्न झालं की तुम्हाला फोन येईल, इतपत नातं डोळ्यांपुढं ठेवून जा.

पैशांचं मात्र लगेच निस्तर. तुमची मंडळी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टखाली असणार. अशा ट्रस्टनं भारताबाहेर खर्च केला, तर त्या रकमेवर आयकराची सूट सहसा मिळत नाही, त्यासाठी खास मंजुरी लागते. खजिनदारांना सांग, सीएला विचारल्याशिवाय एक रुपया हलवू नका. फंडासाठी केलेला अर्ज मागे घे. जाणाऱ्यानं आपलं तिकीट आपण काढावं. कुणाकडे मागायचंच असेल तर "आमच्या प्रवासासाठी मदत करा" असं स्वच्छ म्हणा. "नेपाळच्या गरिबांसाठी" म्हणून मागितलेल्या पैशातून स्वतःची बस आणि जेवण भागवलं, तर ते महिला मंडळातल्या त्या म्हाताऱ्या बाईच्या शंभराच्या नोटेशी खोटं वागणं होईल. परत आल्यावर आलेल्या-गेलेल्या पैशाचा हिशोब उपासनेनंतर सगळ्यांपुढं वाचा. पौल आणि बर्णबांनी अंत्युखियाला परतल्यावर मंडळी गोळा करून सगळं सांगितलं होतं, तसं.

मग तू आता करायचं काय? या आठवड्यात पाळकांना आणि त्या प्रश्न विचारणाऱ्या वडिलांना एकत्र भेट. दोघांपुढं सांग की दसऱ्याचा बेत थांबवतोय, रद्द नाही, पुढं नेतोय. त्या वडिलांना सोबत घेच, कारण सभेत उभं राहून बोलायला धीर लागतो आणि असा माणूस तुमच्या बाजूला हवा. पुण्याच्या भाऊंना विचार, नेपाळातल्या कुठल्या मंडळीशी त्यांची ओळख आहे, आणि त्या पाळकांचा नंबर स्वतः घे. नंबर मिळाला नाही किंवा "ते मी बघतो" असं उत्तर आलं, तर या भाऊंबरोबर जायचं नाही, एवढं माझ्याकडून पक्कं समज. नंबर मिळाला तर थेट बोला. हिंदी त्यांना बहुतेक येईल. आम्ही काय घेऊन येऊ, असं विचारू नका. तुमचं कसं चाललंय, असं विचारा आणि ऐका. शनिवारी त्यांची उपासना असते, कारण आठवड्याची सुट्टी शनिवारची. त्या दिवशी सकाळी फोन नको.

आणि माझ्या मनात एक आहे ते सुचवते. तुम्ही जायच्या आधी त्यांच्यातल्या दोघांना इकडं बोलवा. भारत-नेपाळमध्ये १९५० च्या करारापासून येण्याजाण्याला व्हिसा लागत नाही. नाताळाच्या आसपास आठ दिवस कोल्हापुरात, तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी राहू देत. तांबडा-पांढरा खाऊ देत, शिरोळच्या गावात तुमच्याबरोबर येऊ देत, तुमच्या मंडळीतली भांडणंही बघू देत. त्यांनी तुम्हाला पाहिलं की बोलवायचं की नाही, आणि कशासाठी, ते तेच सांगतील. तुमच्यात उद्यमनगरात वायरिंगचं किंवा वेल्डिंगचं काम करणारं कुणी असेल, तर त्याला बोलावतील कदाचित आणि तुला नाही बोलावणार. चालेल ना तुला? यावर मनाशी प्रामाणिक उत्तर शोध, मला कळवलं नाहीस तरी हरकत नाही.

मधल्या काळात शहरातच बघ. हॉटेलांत, चायनीजच्या गाड्यांवर, अपार्टमेंटच्या गेटवर कितीतरी नेपाळी माणसं राबतात. त्यातल्या एकाचं तरी नाव, गाव, त्याला मुलं किती, हे तुमच्या तरुण संघात कुणाला माहीत आहे का? त्यांच्याशी ओळख करा. धर्माचं काही मनात न ठेवता, शेजारी म्हणून. थोडी नेपाळी शिका. लिपी आपलीच आहे, महिनाभरात पाटी वाचता येते.

पुढं बोलावणं आलंच, तर चार जण पुरेत. फागुनानंतर पावसाच्या आधी किंवा तिहार (तिथली दिवाळी) झाल्यावर जा, पावसाळ्यात डोंगरातले रस्ते वाहून जातात. आणि सेक्रेटरी म्हणून एक काम आजपासून लाव. नेपाळच्या सीमेवर तुमच्या वयाच्या माणसाचं आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. तुमच्यातल्या ज्यांच्याकडे दोन्ही नाही, त्यांची यादी कर आणि मतदार नोंदणीचे अर्ज भरून घे. नेपाळला गेलात न गेलात, मतदानाला ती नोंदणी लागणारच आहे.